परदेशातील अनाथालयातून मोठे मूल दत्तक घेताना : पहिल्या विचारापासून घरातल्या पहिल्या वर्षांपर्यंत

दत्तक प्रक्रियेत मोठे मूल म्हणजे साधारणपणे पाच-सहा वर्षांपुढचे मूल. तान्ह्या बाळाच्या बाबतीत सगळे निर्णय मोठी माणसे आपसांत घेऊन मोकळी होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तसे करता येत नाही आणि करूही नये, कारण त्याला स्वतःचे नाव असते, भाषा असते, शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र असतो, पुष्कळदा भावंडे असतात, आणि आपण कुठे राहावे याविषयी मतही असते. म्हणून पुढे दिलेल्या प्रत्येक टप्प्यावर पालकांनी एक गोष्ट तपासत राहावी : यातले मुलाला किती ठाऊक आहे, त्याला ते कोणी आणि कोणत्या भाषेत सांगितले, आणि ऐकून ते काय म्हणाले. कागदपत्रांची मुदत, संस्थेची घाई आणि स्वतःची उत्सुकता या तिन्हींमुळे हा प्रश्न सहज मागे पडतो.

आजची परिस्थिती

एका देशातून दुसऱ्या देशात होणारी दत्तके २००४ च्या सुमारास सर्वाधिक होती. त्या वर्षी जगभरात सुमारे ४५ हजार मुले अशा रीतीने दत्तक गेली. त्यानंतर हा आकडा सतत घसरत गेला. ग्वाटेमालाने २००८ पासून नवी प्रकरणे थांबवली, रशियाने २०१३ पासून अमेरिकी नागरिकांना दत्तक देणे बंद केले, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली आणि चीनने २०२४ मध्ये, नातेसंबंधातील काही प्रकरणे वगळता, हा मार्ग बंद केला. मुले स्वीकारणाऱ्या देशांतही बदल झाला : नेदरलँड्सने २०२४ मध्ये परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले. दक्षिण कोरियात सरकारी आयोगाने २०२५ मध्ये असा निष्कर्ष काढला, की पूर्वीच्या अनेक प्रकरणांत मुलांच्या नोंदी बदलल्या किंवा खोट्या तयार केल्या गेल्या होत्या.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. मुले देणारे देश आता निरोगी लहान बाळांसाठी बहुधा आपल्याच देशात घर शोधतात, आणि परदेशी पालकांसमोर मुख्यतः मोठी मुले, एकत्र राहू इच्छिणारी भावंडे आणि अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेली मुले येतात. शिवाय कोणताही देश मधेच दार बंद करू शकतो, हे गृहीत धरूनच अर्ज करावा. त्याच वेळी अनाथालयातले प्रत्येक मूल अनाथ असते हा समज सोडून द्यावा. जगभरच्या बालगृहांतील बहुतांश मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात. गरिबी, आजारपण, व्यसन, युद्ध किंवा जवळ शाळा नसणे अशा कारणांनी मूल तिथे पोहोचलेले असते.

पहिली पायरी : कायदा कोणता लागू होतो हे पाहणे

या विषयातला मूळ दस्तऐवज म्हणजे २९ मे १९९३ चा हेग दत्तक करार. त्यात शंभराहून अधिक देश सामील आहेत. कराराचा गाभा असा, की मूल कायद्याने दत्तक देण्यायोग्य आहे, त्याच्या स्वतःच्या देशात त्याला योग्य कुटुंब मिळवण्याचा विचार आधी झाला आहे, जन्मदात्यांची संमती मोकळेपणाने आणि पैशाच्या मोबदल्याशिवाय घेतली आहे, आणि मुलाचे वय व समज पाहून त्याला समुपदेशन देऊन त्याचे मत विचारात घेतले आहे, हे सर्व मुलाच्या देशाने ठरवायचे. तर पालक पात्र आणि योग्य आहेत आणि मुलाला कायमचा प्रवेश व निवास मिळेल, हे पालकांच्या देशाने ठरवायचे. दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांनी, म्हणजे करारानुसार दत्तकाचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांनी, होकार दिल्याशिवाय मूल सोपवले जात नाही.

बरेच जण इथे गोंधळतात तो मुद्दा नागरिकत्वाचा. करारात निर्णायक ठरतो तो पालकांचा नेहमीच्या वास्तव्याचा देश. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हा प्रश्न नंतर येतो. नोकरीनिमित्त तिसऱ्याच देशात राहणाऱ्या जोडप्याने तिथल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, आणि पुढे मुलाचा व्हिसा व नागरिकत्व मिळवण्यासाठी स्वतःच्या देशाचे नियम वेगळे पाळायचे असतात. बदली होण्याची शक्यता असेल, तर अर्ज करण्यापूर्वीच या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मूळ देश करारात नसेल, तर पडताळणीची जबाबदारी बरीचशी पालकांच्या देशातील स्थलांतर विभागावर येते, आणि धोकाही वाढतो. काही देशांत इस्लामी कायद्यानुसार दत्तक मान्य नसून 'कफाला' नावाची पालकत्वाची व्यवस्था आहे. तिला दत्तकाचे कायदेशीर परिणाम आपोआप मिळत नाहीत.

वयाची मर्यादा मोठ्या मुलांच्या बाबतीत विशेष जपून पाहावी. उदाहरणार्थ, अमेरिकेत परदेशातून दत्तक आणायच्या मुलासाठीचा स्थलांतर अर्ज सामान्यतः मूल १६ वर्षांचे होण्याआधी दाखल व्हावा लागतो, आणि भावंडांसाठी मर्यादित सवलत आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा विचार करणाऱ्यांनी मुदतीचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा.

दुसरी पायरी : संस्था निवडणे

बहुतेक देशांत मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फतच काम होते. संस्थेची मान्यता दोन्ही देशांत चालू आहे का, हे तिच्या माहितीपत्रकावरून न ठरवता दोन्ही प्राधिकरणांकडून लेखी तपासावे. मग संस्थेला प्रश्न विचारावेत : गेल्या काही वर्षांत पाच वर्षांपुढची किती मुले घरी पोहोचली, त्यांपैकी किती दत्तके मोडली, मोडल्यावर संस्थेने काय केले, आणि घरी पोहोचल्यावर दोन वर्षांनी अडचण आली तर फोन कोण उचलेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने आणि उरलेल्यांचे मोघम मिळाले, तर दुसरी संस्था पाहावी.

शुल्काचा तपशील बाबवार लेखी मागावा. भाषांतर, न्यायालय, प्रवास, वैद्यकीय तपासणी यांचे खर्च खरे असतात; मात्र अनाथालयाला रोख 'देणगी', विशिष्ट मुलाचे काम लवकर व्हावे म्हणून भेट, किंवा पावतीशिवाय मागितलेली कोणतीही रक्कम ही धोक्याची खूण आहे. हेग कराराने या व्यवहारातून गैरवाजवी आर्थिक लाभ घेण्यास मनाई केली आहे. तसेच पूर, भूकंप किंवा युद्ध चालू असलेल्या भागातून तातडीने मूल आणण्याचा विचार करू नये. हैतीमध्ये २०१० च्या भूकंपानंतर एका परदेशी गटाने कागदपत्रांविना ३३ मुले सीमेपलीकडे नेण्याचा प्रयत्न केला होता. ती अनाथ असल्याचे सांगितले जात होते, पण बहुतेकांचे पालक जिवंत असल्याचे नंतर उघड झाले.

तिसरी पायरी : होम स्टडी आणि कागदपत्रे

होम स्टडी म्हणजे समाजकार्यकर्त्याने घरी येऊन, मुलाखती घेऊन तयार केलेला कुटुंबाचा अहवाल. त्यात उत्पन्न, आरोग्य, पोलीस पडताळणी, वैवाहिक इतिहास, घरातील इतर मुले आणि दत्तक घेण्याची कारणे यांची नोंद होते. अनेक जण ही परीक्षा समजून केवळ चांगल्या बाजू सांगतात. मोठ्या मुलासाठी ते घातक ठरते, कारण याच अहवालावरून आपल्याला कोणत्या वयाचे आणि कोणत्या गरजांचे मूल सुचवायचे ते ठरते. स्वतःच्या लहानपणी मार खाल्ला असेल, नैराश्य येऊन गेले असेल, किंवा दोघांपैकी एकाचीच तयारी पूर्ण असेल, तर ते याच वेळी बोलले जावे.

घरात आधीची मुले असतील तर त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. येणारे मूल त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असले, तर घरातील क्रम बदलतो आणि लहानाची सुरक्षितता हा प्रश्न उभा राहतो. संस्थेत वाढलेल्या काही मुलांनी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार पाहिलेले वा सोसलेले असतात, आणि त्याची नोंद फाईलमध्ये असेलच असे नाही. माझे स्पष्ट मत असे, की पहिल्यांदाच मोठे मूल घेणाऱ्या कुटुंबाने घरातील सर्वांत धाकट्या मुलापेक्षा लहान मूल स्वीकारावे; समाजकार्यकर्ते वेगळे सुचवत असतील, तर त्यांच्याकडून कारणे समजून घ्यावीत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी सरळ आहे. जन्म व विवाहाचे दाखले, पोलीस प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्रे, उत्पन्नाचे पुरावे यांची नोटरी, मग अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन) किंवा वकिलातीचा शिक्का, मग अधिकृत भाषांतर. वैद्यकीय व पोलीस प्रमाणपत्रांची मुदत लवकर संपते, त्यामुळे ती सर्वांत शेवटी काढावीत.

चौथी पायरी : मुलाची फाईल वाचणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. प्राधिकरण किंवा संस्था एखाद्या मुलाची माहिती पाठवते, तिला 'रेफरल' म्हणतात. हेग करारानुसार मुलाच्या अहवालात त्याची ओळख, दत्तकयोग्यता, पार्श्वभूमी, सामाजिक परिस्थिती, कुटुंबाचा इतिहास, स्वतःचा व कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास आणि विशेष गरजा यांचा उल्लेख असायला हवा. प्रत्यक्षात कित्येक फाइलींमध्ये दोन पाने आणि एक फोटो असतो.

फाईल आधी परदेशी दत्तकांचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावी. डॉक्टर वेगवेगळ्या वयांतील उंची, वजन आणि डोक्याचा घेर मागतील, कारण एका वेळच्या आकड्यापेक्षा वाढीची रेषा अधिक सांगते. संस्थेत राहिलेल्या मुलांची उंची साधारणपणे दर तीन महिन्यांमागे एक महिना या हिशेबाने मागे पडते असा तज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. कुटुंबात आल्यावर ती पुष्कळ अंशी भरून निघते. डोक्याचा घेर फार लहान असणे मात्र अधिक गंभीरपणे पाहिले जाते. गरोदरपणी आईने मद्य घेतले असल्यास बाळाच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामाच्या काही खुणा, म्हणजे पातळ वरचा ओठ, ओठ व नाकामधली सपाट झालेली खळगी आणि डोळ्यांची लहान फट, समोरून काढलेल्या फोटोत दिसू शकतात. परंतु खुणा नसल्या म्हणजे परिणाम नाही, असे होत नाही.

फाईलमध्ये नसलेली माहिती प्रश्न विचारूनच मिळते. मूल संस्थेत कोणत्या वयात आले आणि त्याआधी कोणाकडे होते? किती वेळा जागा बदलली? त्याला भेटायला कोणी येते का, शेवटचे केव्हा आले? भावंडे कुठे आहेत? त्याचा आवडता काळजीवाहक कोण? रागावल्यावर ते काय करते, आणि त्याला शांत कोण करते? शाळेत कोणत्या इयत्तेत आहे, आणि वाचता येते का? यातील 'आधी कोणाकडे होते' हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षे आजीजवळ मायेत गेलेले मूल आणि जन्मापासून संस्थेत असलेले मूल यांच्या वयाचा आकडा सारखा असला, तरी एकावर माणसांवर विश्वास ठेवण्याचा संस्कार झालेला असतो आणि दुसऱ्याला तो नव्याने शिकायचा असतो.

यामागे संशोधनाचा आधार आहे. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर रोमानियातील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ संस्थेत राहिलेली मुले पुढे बहुतांशी इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांमध्ये अनोळखी माणसांशी अतिसलगी, लक्ष न टिकणे आणि सामाजिक संकेत न कळणे या अडचणी दीर्घकाळ राहिल्या. तरीही त्या गटातील सुमारे एक पंचमांश मुलांना प्रौढ होईपर्यंत अशा कोणत्याही अडचणी आल्या नाहीत. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० साली सुरू झालेल्या १३६ मुलांच्या अभ्यासातही कुटुंबात गेलेल्या मुलांची प्रगती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली आढळली. ती अनाथालये कमालीच्या दुर्लक्षाची होती आणि आजचे प्रत्येक बालगृह तसे नाही, परंतु वर्षे मोजावीत आणि आशा सोडू नये, या दोन्ही गोष्टी त्या अभ्यासांतून एकत्रच हाती येतात.

फाईलला नकार देण्याचा अधिकार पालकांना असतो आणि तो वापरण्यात लाज नाही. मूल प्रत्यक्ष घरी आल्यावर नकार देण्यापेक्षा तो कागदावर असताना दिलेला कितीतरी बरा.

पाचवी पायरी : मुलाचा होकार

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १२व्या कलमानुसार आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला आहे. पुष्कळ देश यापुढे जाऊन ठराविक वयानंतर मुलाची संमती आवश्यक मानतात. फिलिपाइन्समध्ये हे वय १० वर्षे आहे, ब्राझीलमध्ये १२. संमतीच्या कागदावर सही असणे आणि मुलाला कळलेले असणे यांत मात्र अंतर असू शकते. 'तुला परदेशात जायचे का?' या प्रश्नाला अनाथालयातले कोणते मूल नाही म्हणेल? म्हणून समुपदेशकाने मुलाला काय सांगितले याची लेखी नोंद मागावी : हे कायमचे आहे, तिथे भाषा वेगळी आहे, मित्र इथेच राहतील, भावंडांशी बोलणे होईल की नाही, आणि नाही म्हटले तरी कोणी रागावणार नाही, या पाच गोष्टी त्यात असाव्यात.

प्राधिकरणाची परवानगी मिळाल्यावर भेटीपूर्वी एक छोटा अल्बम पाठवावा : घर, मुलाची खोली, घरातील माणसे, शाळा, रस्ता, पाळीव प्राणी. खाली त्याच्या भाषेत साधी वाक्ये लिहावीत. महागड्या वस्तूंचे फोटो टाळावेत. परवानगीआधी परस्पर संपर्क करू नये. मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा काळजीवाहकांशी ठराविक अटी पूर्ण होण्याआधी संपर्क ठेवण्यास हेग करारच मनाई करतो.

पहिल्या भेटीत दुभाषी संस्थेचा नोकर नसून स्वतंत्र असेल तर उत्तम, कारण मूल संचालकांसमोर जे बोलते ते एकांतात बोलतेच असे नाही. मिठी मारण्याची घाई करू नये. चेंडू, रंग, पत्ते, साबणाचे फुगे अशी भाषा न लागणारी साधने जवळ ठेवावीत. मुलाने आपल्याला लगेच 'आई' म्हटले तर आनंद होणे स्वाभाविक आहे, पण पुष्कळ संस्थांत येणाऱ्या प्रत्येक बाईला तसेच म्हणायला शिकवलेले असते. काही देश काही काळ एकत्र राहून पाहण्याची अट घालतात; ब्राझीलमध्ये परदेशी पालकांना मुलासोबत त्याच देशात किमान ३० दिवस राहावे लागते. हा काळ ओझे समजू नये. मूल स्वतःच्या भाषेच्या आणि ओळखीच्या हवेच्या आधारावर आपल्याला जोखू शकते, असा तोच एक काळ आहे.

निघण्यापूर्वी अनाथालयात निरोपाचा वेळ ठरवून ठेवावा. मित्रांचे फोटो, काळजीवाहकांचा आवाज रेकॉर्ड करणे, मुलाच्या खाटेचा आणि अंगणाचा फोटो, त्याचे जुने कपडे, हे सगळे सोबत घ्यावे. कपडे फाटके म्हणून टाकून देण्याचा मोह टाळावा. त्याच्याजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे बहुधा तेवढेच असते.

सहावी पायरी : निकाल, प्रमाणपत्र, प्रवास

न्यायालयाचा आदेश झाल्यावर हेग कराराच्या २३व्या कलमानुसार दत्तक कराराला धरून झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यामुळे इतर सदस्य देशांत दत्तक आपोआप मान्य होते. आदेश, नवा जन्मदाखला, मूळ जन्मदाखल्याची प्रत, संमतीपत्रे आणि पूर्ण वैद्यकीय फाईल यांच्या प्रमाणित प्रती त्याच देशात असताना अनेक संचांत काढाव्यात. परत आल्यावर एक प्रत मिळवायला महिने लागतात.

घरी : पहिले काही महिने

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सविस्तर वैद्यकीय तपासणी करावी : रक्तगणना, लोह, शिसे, थायरॉइड, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग, शौचातील परजीवी, तसेच दृष्टी, श्रवण आणि दात. जुन्या लसीकरण नोंदींवर पूर्ण विश्वास न ठेवता डॉक्टर रक्तातील प्रतिकारद्रव्ये तपासतात किंवा लसी पुन्हा देतात. नोंदलेले वय चुकीचे असू शकते, म्हणून हाडांच्या क्ष-किरणावरून अंदाज घेतला जातो. पण तो अंदाजच असतो, आणि कायदेशीर जन्मतारीख बदलण्याची घाई करू नये. दत्तक आलेल्या मुलींमध्ये वयात येणे लवकर सुरू होण्याचे प्रमाण जास्त आढळते, याचीही डॉक्टरांना कल्पना द्यावी.

घरातला दिनक्रम जितका साधा आणि एकसारखा, तितके चांगले. पाहुणे, समारंभ, सहली काही आठवडे पुढे ढकलाव्यात. खायला देणे, जखम बांधणे, झोपवणे ही कामे पालकांनीच करावीत, म्हणजे आपली गरज कोण भागवते हे मुलाला कळते. नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगावे. 'आमच्याकडे तर लगेच येऊन बसतो' असे ते कौतुकाने म्हणतील, पण कोणाच्याही मांडीवर बसणारे मूल प्रेमळ नसून सावध असू शकते. अन्न लपवणे फार सामान्य आहे. त्यावर ओरडू नये. कधीही हात घालता येईल असा खाऊचा डबा मुलाच्या खोलीत ठेवावा आणि तो रिकामा होऊ देऊ नये. रात्री दिवा चालू, दार उघडे, आणि हवे असल्यास पालकाची गादी त्याच खोलीत, अशी सोय करावी. अनेक मुलांना एकट्या खोलीत झोपण्याची सवयच नसते.

सुरुवातीचे काही आठवडे मूल बहुधा शहाण्यासारखे वागते आणि मग एकदम बिनसते. वस्तू फोडणे, खोटे बोलणे, 'मला परत पाठवा' म्हणणे ही त्याची परीक्षा घेण्याची पद्धत असते, आणि काही वेळा ते खरे दुःखही असते, कारण ते आपल्या माणसांना अंतरलेले असते. खोलीत कोंडणे किंवा एकटे बसवणे ही शिक्षा अशा मुलाला पुन्हा टाकून दिल्यासारखी लागते. शेजारी बसून, कमी बोलून, राग ओसरल्यावर झालेले नुकसान दोघांनी मिळून दुरुस्त करणे अधिक उपयोगी पडते. 'परत पाठवू' ही धमकी चेष्टेतही देऊ नये. मुलाने आधीचे अत्याचार सांगितले, किंवा लैंगिक स्वरूपाचे वर्तन दिसले, तर घाबरून न जाता मुलांच्या मानसिक आघातांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे आणि घरात कपडे, आंघोळ व झोप यांविषयी सर्वांसाठी सारखेच नियम लावावेत.

नाव बदलू नये, असे मी निक्षून सांगेन. नवे आडनाव पुरेसे आहे.

भाषा आणि शाळा

लहान वयात दत्तक गेलेली मुले मूळ भाषा काही महिन्यांतच बोलेनाशी होतात. मोठी मुलेही वापर नसेल तर ती झपाट्याने विसरतात. मधल्या काळात जुनी भाषा सुटलेली आणि नवी पुरती न आलेली असते, आणि त्यातून होणारी चिडचिड वर्तनातील दोष समजली जाते. त्या भाषेतील एखादा शिक्षक किंवा कुटुंब जवळ असल्यास आठवड्यातून एक-दोनदा गाठ घालून द्यावी. मूल दीड-दोन वर्षांत अस्खलित बोलू लागते म्हणून शाळा गाफील राहते. परंतु पाठ्यपुस्तकाची भाषा, म्हणजे गणितातला शाब्दिक प्रश्न किंवा इतिहासाचा उतारा समजण्याची क्षमता, यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. शाळेत घालण्याची घाई न करता काही आठवडे घरी राहू द्यावे आणि आवश्यक वाटल्यास वयापेक्षा एक इयत्ता खाली बसवावे. शिकण्यातील अडचणींची चाचणी शक्य असेल तर मूल अजून आपल्या भाषेत विचार करत असतानाच, त्या भाषेत करून घ्यावी. नंतर भाषेची अडचण कोणती आणि शिकण्याची कोणती, हे वेगळे करणे कठीण होते.

पालकांची प्रकृती आणि मोडणारी दत्तके

दत्तकानंतर पालकांना, विशेषतः आईला, नैराश्य येऊ शकते. इतकी वाट पाहून मूल आले आणि प्रेम वाटतच नाही, ही भावना अनेकांना येते आणि कोणी बोलत नाही. प्रेम पुष्कळदा वर्षभराने येते. तोवर काळजी घेणे पुरेसे असते. इतर दत्तक पालकांचा गट आणि आठवड्यातून काही तासांची विश्रांती यांची व्यवस्था मूल येण्याआधीच लावून ठेवावी.

मुलाचे वय जितके जास्त, तितका दत्तक मोडण्याचा धोका वाढतो. मूल परस्पर दुसऱ्या कोणाकडे सोपवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. अमेरिकेत इंटरनेटवरील गटांतून अशी मुले अनोळखी घरांत दिली जात असल्याचे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये उघड केले होते. परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर संस्था, बालकल्याण यंत्रणा आणि आघाततज्ज्ञ यांना एकाच वेळी कळवावे. दत्तकाचा अंतिम आदेश होण्यापूर्वीच अडचण उभी राहिली, तर हेग कराराच्या २१व्या कलमानुसार मुलाचा विचार घेऊन नवे कुटुंब शोधले जाते आणि मायदेशी परत पाठवणे हा अखेरचा उपाय मानला जातो.

पुढची वर्षे

नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा लेखी पुरावा हातात आल्याशिवाय काम संपले असे मानू नये. अमेरिकेत २००१ मध्ये कायदा लागू होऊन दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले. त्यापूर्वी ज्यांच्या पालकांनी अर्जच केला नव्हता, अशा अनेकांना प्रौढ झाल्यावर आपण नागरिक नसल्याचे कळले, आणि काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले. मूळ देशाला पाठवायचे पाठपुरावा अहवाल काही देशांत अनेक वर्षे द्यावे लागतात. ते चुकवल्यास फटका इतर मुलांना बसतो, कारण मूळ देश पुढच्या पालकांचे अर्ज अडवू शकतो. मूल दहा-बारा वर्षांचे झाले, की अहवालात त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवावे.

मोठ्या मुलाला आपले कुटुंब आठवते, आणि फोन हातात आला की ते शोधायला फार वेळ लागत नाही. कधी पलीकडूनच भावाचा किंवा मावशीचा निरोप येतो. तो निरोप मुलाने एकट्याने, रात्री, लपून वाचू नये, यासाठी शोधाचा विषय पालकांनी आधी काढावा : कोणाला शोधायचे आहे, निरोप आला तर पहिल्यांदा कोणाला सांगायचे, पैशाची मागणी आली तर उत्तर कोण देणार, आणि भाषांतर कोणाकडून करून घ्यायचे. हे चार मुद्दे लिहून ठेवावेत आणि दरवर्षी मुलासोबत पुन्हा पाहावेत, कारण नऊ वर्षांच्या मुलाने दिलेली उत्तरे तेराव्या वर्षी तीच राहत नाहीत.